न निवडलेल्यांची वही

आमच्या भागात बर्फ दिसतो तो उन्हाळ्यात रसवंतीवर पोत्यात गुंडाळून ठेवलेल्या लादीच्या रूपात, नाहीतर आठवडी बाजारात मासळीखाली. बर्फावर खेळल्या जाणाऱ्या हॉकीचा सामना आमच्या शाळेतल्या एकाही मुलाने प्रत्यक्ष पाहिलेला नाही आणि मीही तो मोबाइलच्या पडद्याबाहेर कधी पाहिलेला नाही. तरीही गेली काही वर्षे त्या खेळातल्या एका प्रक्रियेचा मी नेमाने मागोवा घेत आलो आहे. अमेरिका आणि कॅनडातले व्यावसायिक संघ दरवर्षी उन्हाळ्यात जगभरातून अठरा-एकोणीस वर्षांची मुले निवडतात. त्या निवडीला तिकडे ‘ड्राफ्ट’ म्हणतात. तिच्याकडे माझे लक्ष जाण्याचे कारण माझा पेशा. दर्यापूर तालुक्यातल्या एका खेड्यातील शाळेत मी बावीस वर्षे शारीरिक शिक्षण शिकवतो आहे आणि या बावीस वर्षांत दरवर्षी पावसाळा सरता सरता मीही एक निवड करत आलो आहे : सत्तर-ऐंशी मुलांमधून कबड्डीचे बारा. तिकडच्या निवडीवर संशोधन होते, तिच्यातल्या चुकांची वर्षानुवर्षे जाहीर थट्टा होते. माझ्या निवडीबद्दल मात्र एका बापाचा अपवाद सोडला तर आजवर मला कोणी काही विचारलेले नाही. मुले निवडणाऱ्यांच्या निवडीचाही हिशोब ठेवला गेला पाहिजे, आणि तो ठेवायचा असेल तर निवडलेल्यांइतकीच न निवडलेल्यांची नोंद हवी, एवढेच मला या लेखात मांडायचे आहे.

आधी तिकडची पद्धत थोडक्यात सांगतो. नॅशनल हॉकी लीगमध्ये आज ३२ संघ आहेत. निवडीच्या सात फेऱ्या होतात, म्हणजे साधारण २२४ मुलांची नावे पुकारली जातात. १९६३ साली मॉन्ट्रिअलच्या एका हॉटेलात ही प्रथा सुरू झाली तेव्हा केवळ २१ मुले निवडली गेली होती. आदल्या हंगामात जो संघ तळाला राहिला त्याने आधी निवडायचे, असा मूळ नियम. परंतु पहिला क्रमांक मिळावा म्हणून कोणी मुद्दाम हरू नये, यासाठी १९९५ पासून तळाच्या संघांमध्ये सोडत काढली जाते. (दुबळ्याला आधी वाढावे, हे तत्त्व ‘अनुशेष’ हा शब्द ऐकतच मोठ्या झालेल्या आम्हा वैदर्भीयांना जवळचे वाटावे असेच आहे, सोडत का ठेवावी लागली, हा भाग आम्ही सोयीने विसरू.)

प्रत्येक संघाकडे मुले हेरणारे पारखी असतात आणि ते तीन-तीन, चार-चार वर्षे एकेका मुलाच्या मागावर राहतात. लीगचे स्वतःचे निरीक्षण कार्यालय १९७५ पासून आहे. ते उत्तर अमेरिकेतल्या खेळाडूंची क्रमवारी वेगळी लावते, बाहेरच्यांची वेगळी आणि गोलरक्षकांची आणखी वेगळी. निवडीआधी निवडक मुलांना बफेलो शहरात बोलावून त्यांना जागेवरच्या सायकलवर छाती फुटेस्तोवर पळवतात, हाताच्या पकडीची ताकद मोजतात, उड्या मारायला लावतात, आडव्या दांड्याला लटकून शरीर वर ओढायला सांगतात आणि मग संघांचे अधिकारी तासन्‌तास मुलाखती घेतात. जाणता पारखी नुसते गोल मोजत नाही. आपल्याच वयाच्या मुलांविरुद्ध पन्नास गोल करणाऱ्या मुलापेक्षा स्वीडनमध्ये प्रौढांच्या संघात सामन्यागणिक आठ मिनिटेच खेळायला मिळणारा सतरा वर्षांचा पोरगा कदाचित सरस असेल, हे त्याला ठाऊक असते. रबरी चकती आपल्याकडे नसताना मुलगा कुठे जाऊन उभा राहतो, चूक झाल्यावर मागे वळून किती वेगाने धावतो, याची तो टिपणे काढतो.

एवढे सगळे करूनही ते चुकतात, आणि चुकतात ते थोडेथोडके नव्हे. १९९३ साली ओटावा संघाने अलेक्झांद्र डेग या मुलाला पहिल्या क्रमांकावर निवडले. त्याची कारकीर्द बेताचीच राहिली, आणि त्याच्या पाठोपाठ दुसऱ्या क्रमांकावर निवडला गेलेला क्रिस प्राँगर पुढे हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे थोर खेळाडूंच्या मानाच्या यादीत, जाऊन बसला. पावेल दात्सुक हा रशियन मुलगा आधी दोनदा कोणालाच नको होता. १९९८ साली डेट्रॉइटने त्याला १७१व्या क्रमांकावर उचलले आणि पुढे त्या संघाने त्याच्यासह दोनदा स्टॅन्ली चषक, म्हणजे लीगचे विजेतेपद, जिंकला. गोलरक्षक हेन्रिक लुंडक्विस्ट २००० साली २०५वा होता. २०१२ साली १३०व्या क्रमांकावर निवडला गेलेला कॉनर हेलबक हा गोलरक्षक २०२५ साली सबंध लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. पाच फूट आठ इंचांच्या मार्टिन सेंट लुईसला तर कोणत्याच संघाने कधी निवडले नाही. तो विद्यापीठाच्या संघातून, आडवाटेने लीगमध्ये शिरला आणि २००४ साली सर्वाधिक गुण (स्वतः केलेले गोल आणि दुसऱ्याच्या गोलाला केलेले साहाय्य मिळून), सर्वोत्तम खेळाडूचा मान आणि चषक असे तिन्ही त्याच्या पदरात पडले.

अशा गोष्टी सांगून झाल्या की ‘जिद्द असली की माणूस कुठूनही वर येतो’ असे तात्पर्य काढायची आपल्याकडे रीत आहे. शाळेच्या स्नेहसंमेलनात ते बरे वाटते. मला मात्र या यादीत वेगळेच काही दिसते. या चुका झाल्या, हे आपल्याला कळले कसे? प्रत्येक मुलाच्या नावापुढे तो कितव्या क्रमांकावर, कोणत्या वर्षी, कोणी निवडला हे लिहिलेले आहे, त्याच्या जन्मतारखेसह. आणि पुढे तो किती सामने खेळला, त्याने किती गुण मिळवले, हेही लिहिलेले आहे. कागद असल्यामुळे चूक दिसली. आमच्याकडे कागदच नाही, म्हणून आमच्या हातून चुका होत नाहीत.

त्या कागदांतून काय बाहेर आले ते आमच्या मैदानाशी थेट संबंधित आहे. १९८०च्या दशकात कॅनडात रॉजर बार्न्सले हे मानसशास्त्रज्ञ कुटुंबासह सामना पाहायला गेले असताना छापील पत्रिकेतल्या खेळाडूंच्या जन्मतारखा वाचता वाचता त्यांच्या पत्नीच्या लक्षात आले की यांतली बहुतेक मुले वर्षाच्या पहिल्या दोन-तीन महिन्यांत जन्मलेली आहेत. १९८५ साली त्यावरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. तिकडे लहान मुलांचे वयोगट १ जानेवारीला कापले जातात. त्यामुळे जानेवारीत जन्मलेला आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात जन्मलेला, दोघे एकाच गटात येतात. नऊ वर्षांच्या पोराच्या बाबतीत अकरा महिने म्हणजे त्याच्या आयुष्याचा जवळजवळ दहावा हिस्सा. मोठा अर्थातच थोराड दिसतो, म्हणून निवडला जातो; निवडला गेल्यामुळे त्याला चांगला प्रशिक्षक, जास्त सराव आणि तगडे प्रतिस्पर्धी मिळतात; आणि पंधराव्या वर्षापर्यंत तो खरोखरच सरस झालेला असतो. सुरुवातीला जो केवळ भास होता तो निवडीनेच खरा करून दाखवला.

पुढे २०१३ साली रॉबर्ट डीनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॅनडातून ड्राफ्टमध्ये निवडल्या गेलेल्या खेळाडूंची पुढची कारकीर्द तपासली. वर्षाच्या उत्तरार्धात जन्मलेली मुले त्यांच्या पुढच्या कामगिरीच्या मानाने चाळीसहून अधिक क्रमांक मागे निवडली गेली होती, आणि ४०० सामने किंवा २०० गुण असा टप्पा गाठण्याची त्यांची शक्यता पहिल्या तिमाहीत जन्मलेल्यांच्या साधारण दुप्पट होती. म्हणजे जिथे एकेका निवडीवर लाखो डॉलर लागलेले असतात तिथले, आयुष्य याच कामात घालवलेले पारखीसुद्धा अठराव्या वर्षीही देहाच्या थोराडपणालाच गुण समजत होते. त्याहून विचार करायला लावणारी गोष्ट ही की, १९८५चा अभ्यास सर्वांना ठाऊक होऊनही हा कल काळाबरोबर कमी झालेला दिसला नाही.

तारखेची रेघ किती आंधळी असते याचे आणखी एक उदाहरण सांगतो. निवडीसाठी त्या वर्षीच्या १५ सप्टेंबरपर्यंत वयाची अठरा वर्षे पूर्ण व्हावी लागतात. ऑस्टन मॅथ्यूजचा जन्म १७ सप्टेंबर १९९७चा. दोन दिवसांनी २०१५ची निवड हुकली आणि तो पुढच्या वर्षी पहिल्या क्रमांकावर निवडला गेला. त्याला एक वर्ष अधिक खेळून दाखवता आले. त्याच्यासारख्या अव्वल मुलाचे यात काही बिघडत नाही; मधल्या फळीतल्या मुलाचे मात्र एवढ्याशा फरकाने घडते किंवा बिघडते.

आता आमच्याकडे येऊ. आमचा शेतकरी बाजारात बैल घ्यायला गेला की आधी जबडा उघडून दात पाहतो. गोऱ्हा अदत (पक्के दात न आलेला) आहे, दोनदाती आहे, चारदाती आहे की जुळला (सगळे पक्के दात आलेला), हे कळल्याशिवाय तो खांद्यावर हात फिरवत नाही आणि मागच्या पायांकडेही पाहत नाही. अंगाने भरलेला दिसला म्हणून अदत गोऱ्ह्याची जुळल्या बैलाशी तुलना करणाऱ्याला लोक वेड्यात काढतील. हीच माणसे आणि त्यांच्याच शाळांतले माझ्यासारखे शिक्षक पोरगा निवडताना मात्र दात पाहत नाहीत. उंची पाहतात आणि ओठावरची मिसरूड पाहतात.

आमचे ‘दात’ म्हणजे दाखलखारीज रजिस्टर, शाळेत दाखल झालेल्या मुलांच्या जन्मतारखा असलेले, आणि तेही एके काळी फारसे भरवशाचे नव्हते. जिल्हा परिषदेच्या जुन्या शाळांची रजिस्टरे उघडली तर जून-जुलैच्या सुरुवातीला जन्मलेल्या मुलांची एवढी गर्दी दिसते की जणू सारे गाव पेरणीच्या तोंडावरच बाळंत होत असावे. पोराला शाळेत घालायला आलेल्या आईबापांना तारीख ठाऊक नसे आणि गुरुजी पहिलीला लागणारे वय भरेल अशी तारीख लिहून मोकळे होत. आता बाळंतपणे दवाखान्यात होतात, जन्मदाखला लागतो, त्यामुळे ही गर्दी ओसरली आहे. खेळासाठी वय चोरण्याचा रोग मात्र गेलेला नाही. त्यासाठी केंद्रीय क्रीडा मंत्रालयाला २०१० साली स्वतंत्र संहिता काढावी लागली आणि क्रिकेट नियामक मंडळ सोळा वर्षांखालील मुलांच्या मनगटाच्या हाडाची तपासणी करते. पण चोरीचा प्रश्न बाजूला ठेवला तरी मूळ प्रश्न उरतोच. खऱ्याखुऱ्या तारखांची, एकाच आठवड्यात जन्मलेली दोन मुले तेराव्या वर्षी शरीराने दोन-अडीच वर्षे पुढेमागे असू शकतात, आणि यात कोणाचीही लबाडी नसते.

त्यात आमच्या शालेय स्पर्धांचे गट चौदा, सतरा आणि एकोणीस वर्षांखालील असे आहेत. म्हणजे कॅनडातल्या पोराला अकरा महिन्यांच्या फरकाशी झुंजावे लागते, तर आमच्या सतरा वर्षांखालच्या गटात नुकताच आठवीत-नववीत आलेला पोरगा आणि मिशा फुटलेला दहावी-अकरावीचा पोरगा एकाच रांगेत उभे राहतात. त्या रांगेतून बारा निवडायचे काम माझे.

माझी एक चूक सांगतो. सुमारे पंधरा वर्षांपूर्वी आठवीत दोन मुले होती. एक वावरात वखर धरू शकेल असा दणकट; दुसरा लहानखुरा, सुटीच्या दिवशी आईच्या मागे कापूस वेचायला जाणारा. लहानखुऱ्याची एक सवय मला आजही आठवते. चढाईला गेला की तो समोरच्यांच्या तोंडाकडे न पाहता पायांकडे पाहायचा. कोपऱ्यावरच्या खेळाडूचा कोणता पाय जड पडला आहे हे त्याला कळे, आणि पकड पडायच्या आत तो ‘निदान रेषा’, म्हणजे चढाईपटूला ओलांडावीच लागणारी रेषा, ओलांडून परतलेला असे. मला ते दिसत होते. तरीही बारावे नाव मी दणकट मुलाचे लिहिले. चार दिवसांनी लहानखुऱ्याचा बाप शाळेच्या फाटकापाशी थांबला होता. “सर, माया पोराले काहून नाही घेतलं जी?” एवढेच त्याने विचारले, त्यात तक्रार नव्हती. पुढच्या वर्षी पाहू, असे मी म्हणालो. पुढच्या वर्षी तो मुलगा मैदानावर आलाच नाही आणि मीही त्याला बोलावणे पाठवले नाही.

सहा-सात वर्षांनी शेजारच्या गावी हॅलोजनच्या उजेडात रात्रीचे खुले सामने चालले होते, तिथे तो मला उजव्या कोपऱ्यावर खेळताना दिसला. उंचीने माझ्यावर गेला होता, आणि जिल्हास्तरावर नाव असलेल्या चढाईपटूंना घोट्यात अशा सफाईने पकडत होता की माझ्या शेजारचे म्हातारे दर पकडीला मांडीवर थाप मारत होते. पण वय एकोणीसच्या पुढे गेलेले, शालेय स्पर्धेचे एकही प्रमाणपत्र नाही, त्यामुळे दहावी-बारावीचे सवलतीचे गुण गेले आणि सरकारी नोकरीतले खेळाडूंचे पाच टक्के आरक्षणही गेले. हंगामात कापसाच्या जिनिंगमध्ये काम करतो, असे त्याने सांगितले. दणकट मुलाची वाढ सोळाव्या वर्षीच थांबली होती आणि दहावीनंतर त्याने खेळ सोडला होता.

एका उदाहरणाने काही सिद्ध होत नाही, हे मला मान्य आहे. किंबहुना माझा मुद्दा तोच आहे. हा एक मुलगा मला दिसला तो योगायोगाने, त्या रात्री मी त्या गावी होतो म्हणून. अलीकडची चार वर्षे सोडली तर बाकीच्या वर्षांत मी किती मुले अशी घालवली आणि किती वेळा माझा अंदाज बरोबर निघाला, हे सांगायला माझ्याकडे काहीही नाही, कारण निवड चाचणीचा कागद संघाची यादी वर पाठवली की फाटत असे. माझी नजर तयार आहे असे मी वीस वर्षे समजत आलो. ज्या नजरेची कधी पडताळणीच झाली नाही तिला तयार कशी म्हणायची?

आता आक्षेपांकडे वळतो. पहिला आक्षेप असा की कबड्डीत उंची आणि वजन लागतेच. लागते, यात शंका नाही. पण लागते ती विसाव्या वर्षीची उंची आणि आपण निवडतो ती तेराव्या वर्षीची. दुसरा आक्षेप असा की आता शास्त्रीय चाचण्या आहेत, मग नजरेचा प्रश्न येतो कुठे? राज्याच्या क्रीडा प्रबोधिनीसाठी मुले निवडताना उंची, वजन, तीस मीटर धावणे, उभ्याने लांब उडी, मेडिसिन बॉल फेक, आठशे मीटर धावणे अशा चाचण्या घेतल्या जातात. या चाचण्यांचा मी विरोधक नाही. त्या सगळ्यांना सारख्या असतात आणि कोणाचा पुतण्या कोण हे त्यांना कळत नाही, हा त्यांचा मोठाच गुण. परंतु बाराव्या वर्षी मेडिसिन बॉल किती लांब गेला यावरून मला बहुतांश एवढेच कळते की मुलाच्या शरीरात तारुण्याची चाहूल लागली आहे की नाही. चाचणीचा आकडा आणि खेळ यांची फारकत मोठ्या मुलांतही होते. २०१४ साली ड्राफ्टआधीच्या चाचणीत सॅम बेनेट या मुलाला दांड्यावर एकदाही शरीर वर ओढता आले नव्हते आणि त्याचा बराच गवगवा झाला. कॅलगरी संघाने तरीही त्याला चौथ्या क्रमांकावर निवडले, आणि २०२५ साली फ्लोरिडाकडून खेळताना अंतिम टप्प्यातल्या सामन्यांचा सर्वोत्तम खेळाडू तोच ठरला.

वजनगटांनी हा प्रश्न सुटतो, असे काही मित्र म्हणतात. गावोगावच्या ५५ किलो गटाच्या सामन्यांना जाऊन पाहावे. वजनकाट्यावर उभे राहण्याआधी दोन दिवस उपाशी राहिलेली, स्वेटर घालून उन्हात पळालेली पोरे तिथे भेटतात, आणि काटा वजन सांगतो, वय सांगत नाही.

खरा आक्षेप निराळा आहे आणि तो कोणी उघडपणे मांडत नाही, म्हणून मीच मांडतो. शाळेला संघ हवा असतो तो तीन आठवड्यांनंतरचा तालुक्याचा सामना जिंकायला. मुख्याध्यापक, संस्थाचालक, गावकरी, सगळे विचारतात ते चषक आला का हेच. पाच वर्षांनी खेळाडू कोण होईल, हे कोणी विचारत नाही. दणकट मुलाला मी घेतले तेव्हा मी मूर्ख नव्हतो. त्या महिन्यापुरता माझा निर्णय बरोबरच होता आणि आम्ही तालुका जिंकलोही. हॉकीच्या ड्राफ्टचा प्रश्न ‘पुढे कोण होईल’ असा असतो, निदान कागदावर तरी; आमचा प्रश्न ‘आज कोण जिंकवील’ असा असतो. मात्र परिणाम दोन्हींचा सारखाच, किंबहुना आमचा अधिक कठोर. तिकडे ड्राफ्टमध्ये न निवडलेला मुलगा विद्यापीठात खेळतो, दुय्यम लीगमध्ये खेळतो, सेंट लुईससारखा कधी मागच्या दाराने आतही येतो. आमच्या खेड्यात शाळेच्या बारांतून गळालेल्या मुलाला दुसरा संघच नसतो. सोयाबीनची सोंगणी, मग कपाशी, मग पुण्याच्या कंपनीत कंत्राटी काम, असा त्याचा पुढचा ड्राफ्ट ठरलेला असतो. आम्ही एका महिन्यासाठी निर्णय घेतो आणि तो जन्माला पुरतो.

मुलींच्या बाबतीत हे गणित उलटेपालटे होते. मुली लवकर वाढतात. बाराव्या-तेराव्या वर्षी जी सर्वांत उंच ती सोळाव्या वर्षी तशी राहीलच असे नाही, आणि जी मागे होती ती तोवर घरच्यांनी मैदानावरून काढून घेतलेली असते. इथे निवड समितीची चूक कोणती आणि घराची कोणती, हे वेगळे करणेही अवघड आहे.

उशिरा उघडणारे दार असले तर काय होते, याचे आमच्याच भागातले उदाहरण सर्वांना ठाऊक आहे. नागपूरजवळच्या कोळसा खाणीच्या वस्तीत, खाण कामगाराच्या घरी वाढलेला उमेश यादव विशीच्या उंबरठ्यापर्यंत टेनिस चेंडूवरच खेळत होता. पोलीस भरतीतही त्याचे जमले नव्हते. २००८ साली, वयाच्या एकविसाव्या वर्षी तो विदर्भाकडून रणजी खेळला आणि २०११ साली कसोटी खेळणारा विदर्भाचा पहिला खेळाडू झाला. त्याची जन्मतारीख २५ ऑक्टोबर आहे, हे मी गमतीने टिपून ठेवले आहे. पण त्याची गोष्ट सांगताना लोक त्याच्या मेहनतीपाशी थांबतात. तेवढीच मेहनत करणारा एकवीस वर्षांचा गोलंदाज आला तर त्याला नेटमध्ये चेंडू देणारे कोणीतरी असावे लागते. क्रिकेटमध्ये तसे कोणीतरी होते. कबड्डीत, धावण्यात, कुस्तीत तालुक्याच्या पातळीवर ते कोण आहे?

प्रो कबड्डी लीग २०१४ साली सुरू झाली आणि तिथे नव्या तरुण खेळाडूंसाठी स्वतंत्र वर्गही आहे. त्यामुळे आमची पोरे आता लिलावाची रक्कम तोंडपाठ सांगतात. चांगली गोष्ट आहे. पण लीगचा पारखी दर्यापूरच्या शाळेपर्यंत येत नाही, येण्याचे कारणही नाही. त्याच्यापुढे मुलगा जातो तो आमच्या चार-पाच चाळण्यांतून गाळून. पहिल्याच चाळणीची भोके उंचीच्या मापाची असतील तर शेवटच्या पारख्याची नजर कितीही तयार असून काय उपयोग?

यावर उपाय म्हणून मोठे सभागृह, मॅट, परदेशी प्रशिक्षक अशा मागण्या दरवर्षी होतात आणि त्या रास्त आहेत. मी मागतो ते फार स्वस्त आहे. शाळेच्या निवड चाचणीला आलेल्या प्रत्येक मुलाचे नाव, महिन्यांसह वय, उंची, आईबापांची उंची, चाचणीतले आकडे आणि शिक्षकाचे दोन ओळींचे मत एका वहीत लिहावे; मुलगा निवडला गेला की नाही आणि का, हेही लिहावे; आणि दोन व चार वर्षांनी त्या प्रत्येकाच्या नावापुढे तो काय करतो याची नोंद करावी. तालुका आणि जिल्ह्याच्या निवड समित्यांनाही हेच लागू व्हावे, आणि वर्षभरानंतर ती यादी कोणालाही पाहता यावी. सोळाव्या-सतराव्या वर्षी एक चाचणी अशी असावी जिच्यात आधी गळालेल्यांनाच बोलावले जाईल. शारीरिक शिक्षणाच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांना दरवर्षी प्रबंधाला विषय हवा असतो. बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी, १९३६ साली, कबड्डी जगाला दाखवणाऱ्या अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या परिसरात असे विद्यार्थी शेकड्यांनी असतात. त्यांच्या हाती या वह्या पडल्या तर पाच वर्षांत आपल्याला आपल्याच मातीतले उत्तर मिळेल, कॅनडाचे उसने घ्यावे लागणार नाही.

शिक्षकांवर आणखी एका रजिस्टराचा बोजा, अशी कुरकुर होईल. शालेय पोषण आहारातल्या तांदळाचा किलोकिलोचा हिशोब आम्ही लिहितोच. मुलाचा एक ओळीचा हिशोब त्याहून जड नाही. वही ठेवल्यावर वशिल्याचे नाव बारांत घुसवणे थोडे अवघड होईल, हा तोटा मात्र काहींना खरोखरच जाणवेल.

आमच्या शाळेत चार वर्षांपासून मी अशी वही ठेवतो. नंतर एक नियमही स्वतःपुरता केला आहे : बारांपैकी चार जागा गटात नव्याने आलेल्या लहान मुलांना, ती आज जिंकवून देणार नाहीत हे ठाऊक असतानाही. त्यापायी एकदा उपान्त्य फेरीत आम्ही तीन गुणांनी हरलो आणि मला बरेच ऐकून घ्यावे लागले. माझ्या नियमामुळेच हरलो की काय, ते मला सांगता येत नाही. वहीतून एवढ्यातच काही सिद्ध झाले आहे असाही माझा दावा नाही. एक गोष्ट मात्र पहिल्याच वर्षी दिसली. निवडलेल्या बारा मुलांच्या जन्मतारखा ओळीने लिहिल्यावर त्यांतले आठ जण गटाच्या सर्वांत थोरल्या वर्षातले निघाले, आणि निवड करताना मी एकाचेही वय पाहिले नव्हते.

गेल्या खेपेला चाचणीला एकाहत्तर मुले आली. वहीत एकोणसाठ नावांपुढे ‘नाही’ असे लिहिले आहे आणि त्यापुढचे दोन रकाने कोरे आहेत. त्यांतला दुसरा रकाना भरायची वेळ येईल तोवर मी सेवानिवृत्त झालेलो असेन, म्हणून वही माझ्या घरी न ठेवता शाळेच्या कपाटात, दाखलखारीज रजिस्टराच्या शेजारी ठेवली आहे आणि माझ्या जागी येणाऱ्या शिक्षकासाठी पहिल्या पानावर रकाने कसे भरायचे ते लिहून ठेवले आहे.